उशिरा सापडलेला सालभुंगेरा: ब्रिटनमधल्या स्प्रूस जंगलांचं एक प्रकरण

सूचिपर्णी झाडांवर नवी कीड दिसली की पहिला प्रश्न असतो, 'किती पसरली?' त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तिला खायला काय काय चालतं, आणि ते झाड कुठवर लावलेलं आहे? हे प्रकरण त्याच प्रश्नाभोवती फिरतं. त्यातले जमीनमालक, लाकूड गिरण्यांचे मालक आणि प्रत्यक्ष काम करणारे वनकर्मचारी यांची नावं इथे घेतलेली नाहीत. लिहायचं आहे ते त्यांच्यासमोर आलेल्या निर्णयांबद्दल.

पार्श्वभूमी

सिट्का स्प्रूस हे ब्रिटनमधलं सगळ्यात जास्त लावलेलं व्यापारी झाड. ते मूळचं तिथलं नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून १८३१ मध्ये डेव्हिड डग्लस या वनस्पतीसंग्राहकामार्फत त्याचं बी ब्रिटनला पोचलं. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई जाणवली, १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं स्थापन झालं आणि वेल्स, उत्तर इंग्लंड, स्कॉटलंडच्या ओल्या, निकस डोंगरउतारांवर हे झाड सपाटून लावलं गेलं. दुसरा स्प्रूस म्हणजे नॉर्वे स्प्रूस, नाताळला घराघरांत दिसणारा. तोही बाहेरूनच आलेला, फक्त काही शतकं आधी.

म्हणजे झाडं आली, पण त्यांच्या मायदेशातल्या बऱ्याच किडी मागेच राहिल्या. मध्ये समुद्र होता. बरीच वर्षं हा फायदा फुकटात मिळाला, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर कुणी पहारा ठेवत नाही.

या प्रकरणातली कीड म्हणजे डेंड्रॉक्टोनस मायकॅन्स, स्प्रूसचा मोठा सालभुंगेरा. पूर्ण वाढलेला भुंगेरा ६ ते ९ मिलिमीटर लांब असतो. सालभुंगेऱ्यांच्या मानाने हा धिप्पाडच म्हणायचा, कारण युरोपातले बहुतेक सालभुंगेरे याच्या निम्मेही नसतात. त्याच्या प्रजातीसमूहात वीसेक जाती आहेत आणि जवळपास सगळ्या उत्तर व मध्य अमेरिकेत राहतात. युरोपात आढळणारी ही एकटीच. तिची सगळ्यात जवळची भाऊबंद जात अलास्का-कॅनडाकडच्या स्प्रूसवर आहे.

त्याचा पसारा सायबेरियाच्या पूर्व टोकापासून पश्चिम युरोपापर्यंत आहे, पण सगळीकडे तो सारखा जुना नाही. जाणकारांच्या मते मूळ घर उत्तर आशियातला स्प्रूसचा पट्टा. गेल्या दीडशे वर्षांत तो पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे सरकला, आणि त्यात त्याच्या पंखांपेक्षा सालीसकट वाहून नेलेल्या ओंडक्यांचा हात मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जॉर्जियात पोचला आणि बोर्जोमीच्या खोऱ्यात पौर्वात्य स्प्रूसवर तुटून पडला. १९६६ मध्ये तुर्कस्तानच्या आर्तविन भागात त्याची नोंद झाली. फ्रान्सच्या मध्यवर्ती डोंगराळ पठारावरही त्याने लागवडी सतावल्या. उलट स्कँडिनेव्हियात किंवा सायबेरियात तो आहे, पण सहसा गप्प आहे. जुन्या मुलखात शांत आणि नव्या मुलखात धुमाकूळ, असं का? पुढे ब्रिटनने घेतलेला मुख्य निर्णय याच निरीक्षणातून निघाला.

यजमान झाडांची यादी लांब वाटते, पण तिला एक मध्य आहे. नॉर्वे स्प्रूस, सिट्का स्प्रूस, पौर्वात्य स्प्रूस, सर्बियन स्प्रूस आणि बागांतला निळा स्प्रूस, हे नेहमीचे. स्कॉट्स पाइनवर तो कधीमधी दिसतो, तेही मुख्यतः उत्तरेकडे आणि हलक्या जमिनीवर. फर आणि लार्चवरच्या नोंदी तुरळक. थोडक्यात, तो स्प्रूसचाच भुंगेरा.

काय सापडलं

१९८२ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशरमधल्या लडलो भागात स्प्रूसच्या खोडांवर हा भुंगेरा सापडला. युरोप खंडातून सालीसकट आलेल्या लाकडातून तो शिरला असावा, असा अंदाज बांधला गेला.

खोडावरची खूण एकदा पाहिली की विसरत नाही. मादी एकटीच साल पोखरून आत जाते. झाड तिला राळेने बुडवायला बघतं. ती राळ आणि भुसा ढकलत बाहेर काढते आणि भोकाच्या तोंडाशी जांभळट-तपकिरी रंगाची, मधोमध छिद्र असलेली राळेची नळी तयार होते. सुरीने तिथली साल उचलली तर आत एकच मोठी पोकळी दिसते. पांढऱ्या अळ्या पंगतीला बसल्यासारख्या खांद्याला खांदा लावून एका आघाडीवर साल खात पुढे सरकतात आणि मागे विष्ठा व भुसा दाबून भरत जातात. दुसरे सालभुंगेरे प्रत्येक अळीचं वेगळं बीळ करतात, हे तसं नाही. अळ्या स्वतः सोडत असलेल्या गंधद्रव्यांमुळे एकत्र राहतात, आणि एकत्र राहिल्या म्हणूनच त्यांना राळेचा मारा सोसता येतो.

दुसरी गंमत म्हणजे यांचं बहुतेक मीलन सालीखालीच, भावाबहिणींत होतं. नर फार थोडे, माद्या भरपूर. बाहेर पडणारी मादी आधीच फळलेली असते. नव्या ठिकाणी वसाहत करायला तिला जोडीदार लागत नाही, टोळीही लागत नाही. एक मादी पुरते.

मग सापडायला वेळ का लागला? हा भुंगेरा झाड झटक्यात मारत नाही. त्याचं एक आयुष्यचक्र हवामानानुसार एक ते तीन वर्षं चालतं. हल्ला बहुधा बुंध्याशी, मुळांच्या फुगवट्यावर किंवा जुन्या जखमेजवळ होतो. झाड कित्येक वर्षं तग धरतं आणि खोडाभोवती खाल्लेल्या पट्ट्या एकमेकींना भिडल्या की मगच सुकतं. शिवाय दाट लागवडीत एखाद-दुसरं झाड सुकणं ही काही बातमी नसते.

किडीचं वय झाडांनीच सांगितलं. वाचलेलं झाड जखमेवर नवं लाकूड चढवत जातं. तिथे खोडाची चकती कापली आणि जखमेच्या बाहेरची वार्षिक वलयं मोजली की हल्ल्याचं वर्ष कळतं. या हिशोबाने सगळ्यात जुन्या खुणा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या निघाल्या. म्हणजे भुंगेरा दहाएक वर्षं तिथे नांदत होता.

खरी अडचण

पाहणीची व्याप्ती वाढवली तसा बाधित पट्टा लडलोपुरता राहिला नाही. तो वेल्समध्ये आणि लगतच्या इंग्लिश परगण्यांत पसरलेला निघाला. त्याच्यापुढे उत्तरेला सिट्का स्प्रूसचं सगळ्यात मोठं भांडार होतं, स्कॉटलंड. आणि समुद्रापलीकडे आयर्लंड, तिथेही सिट्काच.

पाहणी हीच डोकेदुखी होती. स्प्रूसचा दुसरा प्रसिद्ध शत्रू, आठ दातांचा सालभुंगेरा इप्स टायपोग्राफस, झुंडीने हल्ला करतो. त्याच्या झुंडीला बोलावणारा गंध सापळ्यात ठेवला की तो येतो आणि मोजता येतो. मायकॅन्सची मादी एकटी काम करते, त्यामुळे असा बोलावणारा गंधच नाही. सापळा लावून काही होत नाही. माणसांनी ओळीओळीने चालायचं, प्रत्येक बुंधा बघायचा, राळेच्या नळ्या शोधायच्या. दाट सिट्काच्या लागवडीत खालच्या सुक्या फांद्यांतून वाट काढत हे करणं काय असतं, ते सह्याद्रीतल्या करवंदीच्या जाळीतून गेलेल्याला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट अंधारात होती. मूळ सिट्काच्या मुलखात हा भुंगेरा नाही. म्हणजे झाड आणि कीड यांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर गाठ पहिल्यांदाच पडत होती. सिट्का किती सोसेल, कोरड्या पूर्वेकडच्या जमिनीत काय होईल, याचं पक्कं उत्तर हाताशी नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे समूळ उच्चाटन. बाधित झाड आणि आसपासची संशयित झाडं तोडायची, साल काढायची, नष्ट करायची. कीड एका-दोन लागवडींत असती तर हाच मार्ग बरोबर. पण दहा वर्षं मुरलेल्या, सापळ्याने न सापडणाऱ्या आणि एका मादीवर नवी वसाहत उभारणाऱ्या किडीवर हा उपाय म्हणजे कधीच न संपणारी तोड.

दुसरा कीटकनाशकांचा. सालीआड, स्वतःच्या भुशामागे बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. हजारो हेक्टरांवर, पाण्याच्या उगमांच्या भागात, बुंध्याबुंध्यावर औषध मारणं खर्चातही बसत नाही. हा पर्याय कागदावरच राहिला, आणि बरंच झालं.

तिसरा म्हणजे कोंडी करणं: कीड आहे तो भाग आखायचा, तिथून सालीसकट लाकूड बाहेर जाऊ द्यायचं नाही, कडेच्या पट्ट्यात कडक पाहणी आणि तोड. भुंगेऱ्याला उडायला चांगलं ऊन लागतं, साधारण वीस अंशांच्या वर. ब्रिटनच्या हवेत असे दिवस मोजके. त्यामुळे तो स्वतःहून वर्षाला काही किलोमीटरच सरकतो. लांब उडी मारतो तो ट्रकवर बसून.

चौथा पर्याय बाहेरून मित्रकीटक आणण्याचा. जुन्या मुलखात भुंगेरा गप्प का, याचं उत्तर रायझोफॅगस ग्रँडिस नावाच्या एका लहान तपकिरी भुंगेऱ्यात होतं. तो आणि त्याच्या अळ्या मायकॅन्सची अंडी, अळ्या, कोष खातात. नव्या मुलखात भक्ष्य आधी पोचतं आणि भक्षक मागून, अनेक वर्षांनी येतो. मधल्या काळात धुमाकूळ होतो. जॉर्जियाने १९६० च्या दशकातच हा भक्षक वाढवून सोडायला सुरुवात केली होती. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या विद्यापीठात त्याच्या वर्तनावर आणि पैदाशीवर काम चालू होतं.

परका कीटक मुद्दाम मोकळा सोडायचा म्हटल्यावर शंका येणारच, आणि यायलाच हवी. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार परका प्राणी परवान्याशिवाय सोडता येत नाही. ग्रँडिसच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा होता त्याच्या खोडीचा. त्याची मादी मायकॅन्सच्या अळ्यांच्या भुशाचा वास आल्याशिवाय धड अंडीच घालत नाही. तो वास तिला दुरूनही लागतो. या कुळातल्या स्थानिक जाती इतर सालभुंगेऱ्यांच्या बिळांत वावरतात, याला मात्र एकच घर ठाऊक.

हा मार्ग आपल्यालाही अनोळखी नाही. पपईवरच्या पिठ्या ढेकणाने २००८ पासून दक्षिण भारतात आणि मग महाराष्ट्रात बागा झोडपल्या, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये हा परजीवी आणून सोडला गेला. तर्क तोच: कीड परकी, शत्रू मागे राहिलेला, तो शोधून आणा.

काय केलं

पहिल्या टप्प्यात तोड आणि कोंडी दोन्ही एकदम सुरू झालं. १९८२ मध्येच स्प्रूसच्या लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंधांचा आदेश निघाला. नियंत्रण क्षेत्र आखलं गेलं. तिथलं लाकूड परवान्यावर, मान्यताप्राप्त गिरण्यांकडेच जायचं आणि साल उतरवायची. बाधित झाडं हजारोंनी पाडली गेली.

त्याच वेळी बेल्जियममधून ग्रँडिस आणून लडलोजवळ त्याची पैदास सुरू झाली. १९८४ पासून तो जंगलात सोडायला लागले. सोडायचा म्हणजे काय, तर राळेची ताजी नळी शोधायची आणि त्या झाडाच्या बुंध्याशी डबी उघडायची. बाकीचं काम वासावर.

इथेच या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय आला. बाधित झाड तोडलं की त्यातले मायकॅन्स मरतात हे खरं, पण त्याच झाडात ग्रँडिसही वाढत असतो. शिवाय भक्षकाला टिकायला भक्ष्य लागतं. म्हणजे एक हात ज्याला सोडतोय, त्याचं घर दुसरा हात पाडतोय. बाधित झाड डोळ्यासमोर उभं ठेवायचं हे कुठल्याही वनाधिकाऱ्याच्या अंगात बसलेल्या शिस्तीविरुद्ध जातं, आणि जमीनमालकाला ते पटवणं त्याहून कठीण.

तोडगा जागेनुसार निघाला. क्षेत्राच्या आतल्या भागात सरसकट तोडीचा आग्रह सोडला आणि भक्षकाला काम करू दिलं. कडेला दहा किलोमीटरचा पट्टा आखला. तिथे दरवर्षी पाहणी, बाधित झाडांची तोड आणि सोबत ग्रँडिस सोडणं चालू राहिलं. आत सहन करायचं, काठावर झगडायचं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. भक्षक आणणं इतरांनी आधी केलं होतं, पण तोड कुठे थांबवायची हे ठरवायला जास्त धीर लागतो.

निकाल

ग्रँडिस रुजला. सोडलेल्या जागी टिकला आणि न सोडलेल्या जागीही भक्ष्याच्या मागे जाऊन पोचला. मायकॅन्स संपला नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही धरली नव्हती. पण वेल्समधल्या लागवडी उद्ध्वस्त होतील ही भीती खरी ठरली नाही. झाडं मरतात ती विखुरलेली. नुकसान सोसता येईल इतकं राहिलं.

प्रसार मात्र थांबला नाही. १९९६ मध्ये केंटमध्ये, मूळ क्षेत्रापासून खूप दूर, त्याचं वेगळं ठाणं सापडलं. उत्तरेकडेही तो सरकत राहिला. नंतर इंग्लंड-वेल्सच्या स्प्रूस भागांत त्याचं असणं गृहीत धरलं गेलं आणि देशांतर्गत लाकूड वाहतुकीची बंधनं सैल होत गेली. नवीन जागी तो दिसला की तिथे ग्रँडिस नेऊन सोडायचा, हा नित्याचा भाग झाला.

व्यापाराच्या बाजूने एक वेगळंच काम उभं राहिलं. आयर्लंडला हा भुंगेरा नको आहे आणि युरोपीय नियमांत तो प्रदेश त्याच्यापासून संरक्षित धरला जातो. तिथे सालीसकट ओंडके पाठवायचे तर कीड नसलेला भाग सिद्ध करून दाखवावा लागतो. त्यासाठी पश्चिम स्कॉटलंडचा कीडमुक्त पट्टा आखून पाहणी चालू ठेवली गेली. शिकारी कीटक कितीही यशस्वी झाला तरी 'इथे तो नाहीच' असं प्रमाणपत्र तो देऊ शकत नाही. त्यासाठी पुन्हा माणसं, ओळी आणि बुंधे.

वेगळं काय करता आलं असतं

शोधात गेलेली दहा वर्षं हा सगळ्यात महाग भाग. युरोप खंडात ही कीड पश्चिमेकडे सरकते आहे हे पुस्तकांत होतं. तिचं आवडतं झाड ब्रिटनमध्ये कुठे आहे याचे नकाशे कमिशनच्याच कपाटात होते. दोन्ही एकमेकांवर ठेवून, सालीचं लाकूड उतरवणाऱ्या बंदरांच्या आणि गिरण्यांच्या आसपासच्या स्प्रूसमध्ये दरवर्षी थोडे बुंधे तपासले असते तर लडलोची गोष्ट कदाचित दोन-चार लागवडींत आटोपली असती. तेव्हा पहिला पर्यायही खुला राहिला असता. ओंडके कापणाऱ्या मजुरांना राळेची नळी कशी दिसते हे दाखवणारं एक चित्र गिरणीच्या भिंतीवर लावणं, एवढंही चाललं असतं. साल बघणारे डोळे त्यांचेच.

सुरुवातीच्या मोठ्या तोडीबद्दल माझं मत तितकं कडक नाही. भक्षक हातात यायच्या आधी अधिकाऱ्यांनी काय करायला हवं होतं? काहीच न करता बसणं मालकांना मान्य झालं नसतं, आणि तोडीतूनच किडीचा पसारा आणि वय कळलं. फक्त पैदास आणि तोड यांचं वेळापत्रक एका टेबलावर आखलं गेलं असतं तर काही झाडं, आणि त्यांतले ग्रँडिस, वाचले असते.

लाकूड वाहतुकीची बंधनं मात्र आतल्या भागात आणखी लवकर हलकी करता आली असती. दोन्ही बाजूंना कीड आणि भक्षक दोन्ही असताना परवाना कशासाठी, हा गिरणीवाल्यांचा प्रश्न रास्त होता. त्याच माणसांची मेहनत काठावर आणि बंदरांकडे वळवणं जास्त उपयोगी पडलं असतं.

या सगळ्यातली एक मर्यादा अलीकडे ठळक झाली. डिसेंबर २०१८ मध्ये केंटमध्येच इप्स टायपोग्राफसची प्रजनन करणारी वस्ती सापडली. तोही स्प्रूसचाच, पण झुंडीचा. त्याच्यावर ग्रँडिसचा उपयोग नाही, कारण भुशाचा तो वास तिथे नाही. आत सहन करण्याची मुभाही नाही, कारण उन्हाने आणि वादळाने अशक्त झालेल्या स्प्रूसमध्ये तो एका हंगामात कितीतरी झाडं आडवी करतो. तिथे सापळे चालतात, म्हणून सापळे लावले. बाधित आणि पडलेला स्प्रूस वेळेत काढला. वाहतुकीचं क्षेत्र पुन्हा आखलं. आग्नेय इंग्लंडमध्ये स्प्रूस त्या मानाने विरळ आहे. तिथून अशक्त झाडं आधीच काढून घेतली, तर इप्सला वायव्येकडच्या मोठ्या सिट्काच्या पट्ट्यांपर्यंत पायऱ्या मिळत नाहीत, असा तिथल्या कामामागचा हिशोब आहे.